आठ हूड, एक दार

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आई म्हणते, मामाला फोन करायचा तर आधी शेजाऱ्यांची परवानगी काढ. परवा मी ‘रुजू झाले’ म्हटलं आणि तू घाबरून ‘काय सुजलं?’ विचारलंस. तीस वर्षं पंख्यांच्या चाचण्या घेऊन तू कान गमावलेस, त्याची शिक्षा मला: आता पत्रं लिहा. मेलही नको म्हणालास, तुमच्या ऑफिसात दुसरेच वाचतात म्हणून. ठीक आहे, लिहिते. अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

तर, मी रुजू झाले. तुझ्या शब्दावर मिळालेली नोकरी आहे, हे इथे पहिल्याच दिवशी तीन जणांनी ऐकवलं. करार एका वर्षाचा. काम नीट झालं तर पुढे कायम, नाही तर राम राम.

प्रयोगशाळेतली आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. त्यात तुझे आठ हूड, चार ह्या भिंतीला, चार त्या. प्रत्येकावर तुमच्या कंपनीची पाटी. माझा नंबर चार, खिडकीशेजारचा. खिडकी मोठी आहे, पण ती नुसती बघायची. उघडायची कडीच नाही, काच भिंतीत बसवलेली. खोलीत येण्याजाण्याचं दार एकच.

खोलीचं राज्य कडकबाईंच्या हातात आहे. खरं नाव कोणी घेतच नाही. सव्वीस वर्षं ह्याच कामात. आवाज असा, की त्यांनी कॉरिडॉरमधून ‘चष्मा!’ म्हटलं की खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा चष्मा चढवतात. सगळ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्या स्वतः लिहितात, छापल्यासारख्या. मला त्यांची भीती वाटते आणि त्या आवडतातही.

एक विचारायचं होतं. आमचं दार फार जड आहे. बाहेर पडताना खांदा लावावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत तर दाराखालून शीळ वाजते. नवीन लोकांना सांगतात, भूत आहे. कडकबाई म्हणतात, ‘भूत नाही, बचत आहे.’ म्हणजे काय?

तुझी,
भोचक

---

१५ फेब्रुवारी

प्रिय भोचकबाई,

लहानपणी घड्याळ उघडून ‘ह्याच्या आत कोण राहतं?’ विचारायचीस, तेव्हापासून हे नाव तुला चिकटलंय. अजून शोभतंय.

आता नीट ऐक. हूड म्हणजे धूर ओढून घेणारं कपाट, इतकं तुला माहीत आहे. तू समोर उभी राहून आत हात घालतेस, काच छातीपर्यंत खाली असते, आणि तुझ्या पाठीमागची हवा तुझ्या बगलांतून आत ओढली जाते. विषारी वाफ तुझ्या नाकाकडे यायच्या आधीच छपरावर जाते. पण ओढलेली ती हवा साधी नसते. कोणी तरी ती थंड किंवा गरम केलेली असते, गाळलेली असते. ती आपण छपरावरून फेकून देतो. जुना एक हूड रात्रंदिवस चालू ठेवला तर तीन घरांची वीज खातो. मी आयुष्यभर ह्या एकाच गोष्टीच्या मागे लागलो: माणूस सुरक्षित राहावा आणि वीजही वाचावी.

तुझ्यापुढचा हूड त्या खटपटीचं फळ आहे. काच बंद असेल आणि समोर कोणी नसेल, तर तो आपोआप मंद होतो. त्याबरोबर खोलीत ताजी हवा सोडणारा मोठा पंखाही मंद होतो. तुमच्या कडकबाई म्हणतात ती बचत हीच.

आणि प्रत्येक हूडच्या उजव्या हाताला लाल बटण आहे, बघितलंस? ते माझं लाडकं अपत्य. दाबलं की चार सेकंदांत आठही हूड पूर्ण जोराने ओढायला लागतात. काही झालं, काहीही, तर आधी ते बटण दाब आणि निश्चिंत हो. मामा तिथे उभा आहे असं समज.

दाराचं म्हणशील तर बिजागऱ्यांना तेल घालायला सांग. नव्या इमारतीत दारं जड असतातच.

तुझा,
मामा

---

९ मार्च

प्रिय मामा,

तेल घातलं. आता दार न करकरता जड लागतं, एवढाच फरक.

कडकबाईंनी एक गंमत केली. दाराच्या मुठीला सामान तोलायचा काटा अडकवला आणि दिवसभर दर तासाला ओढून आकडे लिहिले. सकाळी सहा किलो. जेवणाच्या सुट्टीत, हिरवा ‘बचत’ दिवा लागल्यावर, अकरा. आणि कोणी त्याच वेळी एखाद्या हूडची काच वर केली तर सोळा. त्यांनी तक्ता काढून प्रयोगशाळेच्या संचालकांकडे दिला. संचालकांनी तो हसून ठेवून घेतला. खाली दारातच मोठा फलक आहे, ह्या इमारतीने किती वीज वाचवली ते सांगणारा, आणि त्यावर संचालकांचाच फोटो आहे. आठवड्याने तक्ता परत आला. वर शेरा: ‘सूचना नोंदवली.’

कडकबाई आता लेखी तक्रार करणार आहेत. खोलीतल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात म्हणतात. बाकी तिघांनी काखा वर केल्या. राहिले मी. संचालकांनी मला बोलावून फार प्रेमाने विचारलं, ‘तुमच्या मामांनी तुमच्यासाठी शब्द टाकला होता ना? त्यांच्याच हूडविरुद्ध तुमची सही कशी दिसेल?’

मामा, मी काय करू? सही केली तर इथून जाणार. नाही केली तर रोज कडकबाईंच्या शेजारी उभं राहायचं. सकाळी एकदा ते दार मागे लागलं की संध्याकाळपर्यंत कोणी तरी हळूहळू छातीवर बसत चालल्यासारखं वाटतं. बाहेर झाडं हलताना दिसतात, आत पान हलेल इतकाही वारा नाही.

तू एक सांग. दार इतकं जड असणं बरोबर आहे का? हो की नाही एवढंच लिही.

तुझी,
भोचक

---

२० मार्च

प्रिय भोचक,

कामाच्या गडबडीत आहे, थोडक्यात लिहितो.

सही करू नकोस. तुझं वर्ष पुरं होऊ दे, कायम हो, मग हवं ते बोल. ताईने तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्यात ते तुला सांगायला नको. इमारतीची हवा हा इमारतवाल्यांचा विषय असतो, हूड बनवणाऱ्याचा नाही. कडकबाई अनुभवी आहेत, त्यांचं त्या बघतील.

तब्येत सांभाळ. जेवणाच्या सुट्टीत बाहेर मोकळ्या हवेत जात जा. नक्की जात जा.

मामा

---

२ मे

प्रिय मामा,

तू ताबडतोब यायला निघालास आणि आईने तुला थांबवलं, हे कळलं. मी घरी आहे. डोळे सुजलेत आणि खोकला आहे, बाकी धडधाकट. कडकबाई अजून हॉस्पिटलमध्ये आहेत. त्यांच्या तक्रारीवर मी सही केली नव्हती, तू म्हणालास तसं.

आईला मी अर्धंच सांगितलंय. तुला सगळं लिहिते, म्हणजे डोक्यातून जाईल.

मंगळवारी दुपारी एकचा सुमार. एक नमुना तातडीचा होता म्हणून आम्ही दोघी सुट्टीत थांबलो. बाकीचे जेवायला गेलेले. आठही काचा बंद, हिरवा दिवा लागलेला. कडकबाई स्टोअरमधून ब्रोमीनची बाटली घेऊन आल्या. ब्रोमीन म्हणजे गडद तांबडं पाणी, पण त्याची वाफ नाकात गेली तर आतून भाजतं. बाटलीचा तळ आधीच तडकलेला असणार. त्या खोलीच्या मधोमध आल्या आणि तळ गळून पडला. नुसता ‘टच’ असा आवाज झाला. फरशीवर तांबडं पसरलं आणि त्यातून तांबडी वाफ उठायला लागली, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत.

कडकबाई ओरडल्या, ‘बाहेर!’ कडकबाईंनी लाल बटण दाबलं. आठही हूड एकदम गर्जायला लागले. कानांत दडे बसले, जसे उंच डोंगरावर बसतात. मी दारावर खांदा दिला. दार हललं नाही. दोघींनी मिळून दिला. मामा, भिंत ढकलावी तसं. दारातल्या पुस्तकाएवढ्या काचेतून पलीकडे शिपाई दिसत होता. तो मूठ धरून पाय भिंतीला लावून ओढत होता, तरी नाही.

आणि वाफ जातच नव्हती! हूड ओढत होते, पण ओढायला खोलीत हवा कुठे होती? ताजी हवा सोडणारा पंखा झोपलेलाच राहिला.

कडकबाईंनी मला दंडाला धरून टेबलाकडे ढकललं. ‘वर चढ! ती जड असते, खालीच राहते. चढ!’ मी टेबलावर चढले. त्या खालीच राहिल्या. आग विझवायचं नळकांडं उचललं आणि दाराच्या काचेवर घालायला लागल्या. काचेत तारेची जाळी होती. एक, दोन, तीन. मी मोजत होते, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. सातव्या घावाला काच फुटली आणि बाहेरची हवा किंकाळी फोडत आत आली. मग दार सुटलं.

बाहेर आल्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘चष्मा होता ना डोळ्यांवर?’ आवाज फुटतच नव्हता. नुसते ओठ हलले.

डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं भरून येतील. आवाजाचं सांगता येत नाही.

तुझी,
भोचक

---

६ मे

माझ्या लाडके,

तुझं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. तीन वेळा वाचलं. चौथ्यांदा वाचवेना.

चौकशी बसेल. तुला बोलावतील. जे विचारतील तेवढंच सांग. बटणाबद्दल काही विचारलं तर मला लिहिलंस तसंच सांग. त्यापेक्षा जास्त नाही, कमी नाही.

कडकबाईंना माझा नमस्कार सांग. नको, सांगू नकोस.

मामा

---

१८ जून

मामा,

चौकशीचा अहवाल आला. नोटीस बोर्डावर लावलाय.

‘उपकरणात दोष आढळला नाही. सांडण हूडच्या बाहेर झालेले असताना आधी खोली सोडून मग कॉरिडॉरमधील बटण वापरणे अपेक्षित होते. ज्येष्ठ विश्लेषक बाईंनी आतील बटण चुकीच्या क्रमाने दाबल्यामुळे दार अडकले.’ खाली लिहिलंय: तांत्रिक अभिप्राय, मुख्य डिझायनर. आणि तुझी सही. माझ्या वाढदिवसाच्या प्रत्येक पुस्तकावर असते तीच, शेवटी शेपटी काढलेली.

कडकबाईंना कामावरून दूर केलंय. सव्वीस वर्षांनंतर. त्यांचं कपाट रिकामं करायचं काम मला दिलं. बाटल्यांवरच्या त्यांच्या चिठ्ठ्या बदलून छापील लावायच्या आहेत.

‘आधी बटण दाब आणि निश्चिंत हो.’ तुझं पत्र माझ्यापुढे आहे.

का केलंस?

---

२३ जून

प्रिय भोचक,

तू विचारलंस, म्हणून सांगतो. सगळं सांगतो, मग तुला हवं ते कर.

चार वर्षांपूर्वी ह्या हूडच्या चाचण्या झाल्या. आमचं चाचणीचं ठिकाण म्हणजे मोठी शेड, तिन्ही बाजूंची शटर उघडी. तिथे हवेला काय तोटा? सगळे आकडे उत्तम आले. पण माझ्या मनाला पटेना म्हणून मी एकदा शेडच्या कोपऱ्यातली बंद खोली घेतली, आत तीन हूड लावले, ताज्या हवेचा पंखा बचतीवर ठेवला आणि बटण दाबलं. दार उघडायला चाळीस किलोंचा जोर लागला. आत मी होतो. बाहेरून दोघांनी ओढून काढलं.

उपाय अवघड नव्हता. बटण दाबताक्षणी ताज्या हवेचा पंखा जागा व्हायला हवा, आणि तो जागा होईपर्यंत हूडांनी पूर्ण जोर घ्यायचा नाही. पण मग पंखा थोडा मोठा हवा, तो पूर्ण झोपवता येत नाही, आणि बचतीचा आकडा खाली येतो. मी तक्ता घेऊन मालकांकडे गेलो. मालक म्हणाले, ‘आपण हूड विकतो. दार विकत नाही. दार इमारतवाल्यांचं.’ मी तक्त्यावर ‘दार उघडत नाही’ असं लिहिलं, तारीख घातली आणि खणात ठेवून दिला. जाहिरातीत बचतीचा आकडा छापला. हूड अकरा ठिकाणी गेले, तुमची इमारत बारावी.

तू पहिल्याच पत्रात ‘दार जड आहे’ लिहिलंस, तेव्हा मला सगळं समजलं होतं. आणि मी तुला तेल घालायला सांगितलं. हे वाक्य मी कितीदा लिहून खोडलं तुला सांगता येणार नाही.

आता सहीचं. मालकांनी मला बोलावलं. टेबलावर तुमच्या हूडांची नोंद होती. प्रत्येक बटणाला नंबर असतो, कोणतं बटण किती वाजता दाबलं ते यंत्र लिहून ठेवतं. नंबर चार. मालक म्हणाले, ‘चार नंबरवर तुमची भाची ना? पण ती ज्येष्ठ बाई म्हणते, मी दाबलं. आपण तिचंच मानू या. का नंबर वर काढायचा?’ मी तिथेच सही केली. पेन त्यांचंच होतं.

म्हणजे तू मला लिहिलंस तेही खरं नव्हतं. मी रागावलेलो नाही. तू माझंच वाक्य आठवून बटण दाबलंस हे मला तेव्हाच कळलं. मी तुला वाचवतोय असं स्वतःला सांगितलं. खरं तर मी स्वतःला वाचवत होतो आणि मध्ये तुला धरलं होतं.

चाळीस किलोंचा मूळ तक्ता सोबत आहे. प्रत नाही, मूळ. माझ्या अभिप्रायाची सही मी मागे घेतो असं पत्र चौकशीच्या निरीक्षकांना आजच टाकलंय. त्यात बटणाच्या नंबराबद्दल मी काही लिहिलेलं नाही. ते तुझं आहे. तू सांगितलंस तर सांगितलंस, नाही तर माझ्या तोंडून कधी निघणार नाही.

मामा

---

३० जुलै

प्रिय मामा,

महिनाभर लिहिलं नाही. आधी तुझा राग होता. मग लक्षात आलं की तुझ्यावर रागवायचं तर आरशापुढे उभं राहून रागवावं लागेल. तू खणात ठेवलंस, मी तोंडात ठेवलं. कडकबाई ‘बाहेर!’ म्हणाल्या होत्या आणि मी आधी चार नंबरकडे धावले होते. अँब्युलन्समध्ये त्यांनी माझा हात दाबला आणि ओठांनी म्हटलं, ‘मी दाबलं. कळलं?’ मी मान हलवली. एवढंच केलं मी, मान हलवली. त्या दिवसापासून मी त्या खोलीतून बाहेर पडलेच नव्हते.

तुझा तक्ता घेऊन त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुस्तकं, एक मांजर. त्यांचा आवाज आता कागद घासल्यासारखा येतो, पुढे वाकून ऐकावं लागतं. मी म्हटलं, ‘मी खरं सांगणार आहे.’

त्या कुजबुजल्या, ‘म्हणजे मी इतकं छान खोटं बोलले ते वाया घालवणार तू?’

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, ‘माझी नोकरीची दीड वर्षं राहिली होती, तुझी तीस. मी हिशेब केला. पण त्या हिशेबात एक चूक झाली. मी ‘मी दाबलं’ म्हटलं, आणि सगळे दार विसरून बटणाकडे बघायला लागले.’ नंतर तुझा तक्ता हातात घेऊन बराच वेळ बघत बसल्या. ‘हा माणूस आत अडकला होता?’ मी म्हटलं, हो. ‘आणि मग गप्प बसला?’ मी म्हटलं, हो. त्यांनी तक्त्याची घडी घालून तो परत दिला.

सोमवारी फेरचौकशी झाली. निरीक्षक म्हणजे बुटके, सर्दी झालेले, सतत रुमाल नाकाला. मी उभी राहून सांगितलं: बटण मी दाबलं, बाईंनी नाही, आणि इतके दिवस मी खोटं बोलत होते. संचालक लगेच म्हणाले, ‘म्हणजे चूक ह्यांची. मुद्दा तोच, माणूस बदलला.’ निरीक्षकांनी नाक पुसलं. तुझं पत्र आणि मी दिलेला तक्ता पुढे ठेवला. म्हणाले, ‘माणूस बदलून दार उघडतं का ते बघू या ना.’

सगळे तिसऱ्या मजल्यावर गेलो. दाराची काच नवी बसवलेली. निरीक्षक स्वतः आत गेले, एकटे. काचा बंद, हिरवा दिवा. आम्ही बाहेर. मग त्यांनी बटण दाबलं. हूड गर्जले. ते दारापाशी आले आणि ढकललं. रुमाल खिशात घातला, दोन्ही हातांनी ढकललं. मग खांदा. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. आधी तो कामाचा होता, मग नुसता माणसाचा झाला. संचालक बाहेरून मूठ ओढत होते, टाय खांद्यावर गेलेला. शेवटी मी तळमजल्यावर धावत जाऊन मुख्य कळ बंद करायला लावली, तेव्हा सुटले. बाहेर येऊन ते तिथेच खाली बसले, फरशीवर. म्हणाले, ‘आत काही सांडलेलं नव्हतं. मला माहीत होतं. तरीसुद्धा.’

निकाल असा: दोष बांधणीचा आणि बचतीच्या मांडणीचा. कडकबाईंवरचा ठपका पुसला, त्यांना पत्र दिलं, परत यायला सांगितलं. त्या येणार नाहीत. म्हणाल्या, ‘ह्या आवाजात कोण चष्मा घालेल?’ आमची खोली बंद आहे. माझा करार वर्ष पुरं व्हायच्या आत संपवला, कारण दिलं ‘चौकशीत असत्य कथन’. ते खरंच आहे, त्यामुळे भांडताही येत नाही. आईने ऐकून एकच विचारलं, ‘आता जेवशील ना नीट?’

तुझं काय झालं ते आई सांगत नाही. तूच लिही.

तुझी,
भोचक

---

२८ ऑगस्ट

प्रिय भोचक,

माझं काय व्हायचं होतं? मालकांनी चहा पाजला आणि राजीनामा मागितला. तीस वर्षं बसलो ते टेबल दोन पिशव्यांत मावलं. मालक म्हणाले, बाकीच्या अकरा ठिकाणी आम्ही कळवू, सावकाश, नीट भाषेत. महिना गेला. मी विचारलं तर म्हणाले, आता तुमचा संबंध नाही.

मग मी अकरा पत्रं लिहिली, माझ्या नावाने. उत्तर एकाचंही नाही. दोष द्यायचा तरी कोणाला? एक नोकरी गेलेला म्हातारा लिहितो की तुमच्या प्रयोगशाळेचं दार धोक्याचं आहे. मीही टोपलीतच टाकलं असतं.

घरात बसवेना. जेवताना, झोपताना, त्या अकरा खोल्या डोळ्यांपुढे. आत कोण कोण असेल, सुट्टीत कोण थांबलं असेल. बाहेर मोकळा हिंडणारा मी, आणि आत अडकलेलाही मीच. तेव्हा ठरवलं, एकेक ठिकाणी जायचं. उत्तर देत नाहीत तर समोर जाऊन उभं राहायचं.

काल पहिल्या ठिकाणी गेलो. सात तासांचा प्रवास. खाली स्वागताच्या टेबलाशी म्हणाले, वेळ घेतलीय का? नाही. मग बसा. बसलो. सकाळचे साडेअकरा झाले, बारा झाले. एकला सुट्टी असेल आणि हिरवा दिवा लागेल, एवढंच डोक्यात. शेवटी एक बाई खाली आल्या, चाळिशीच्या, केस वर बांधलेले, एप्रनच्या खिशात तीन पेनं. प्रयोगशाळेच्या प्रमुख. उभ्याउभ्याच म्हणाल्या, ‘दोन मिनिटं आहेत माझ्याकडे. कोणत्या कंपनीकडून आलात?’

‘कोणत्याच नाही. तुमच्याकडे जे हूड आहेत ते मी आखले. त्यात चूक आहे.’

‘अशी पत्रं येतात आमच्याकडे.’

‘ते माझंच होतं.’

मग मी कडकबाईंचं सांगितलं. सात घाव. टेबलावर चढवलेली मुलगी. ती माझी भाची, हेही. आणि तिने मला विचारलं होतं तेव्हा मी तेल घालायला सांगितलं, हेही. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. बाई बसल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत. त्यांनी येणाऱ्यांची नोंदवही माझ्यापुढे सरकवली. मी नाव लिहिलं. कंपनीच्या रकान्यात रेघ मारली. भेटीच्या कारणात ‘दुरुस्ती’ लिहिलं.

त्यांनी ते वाचलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एकला दहा कमी होते.

‘एकच सांगा,’ त्या म्हणाल्या. ‘माझी माणसं आत्ता आत आहेत. त्यांनी आत राहायचं की नाही?’

आयुष्यात मला इतका सरळ प्रश्न दोनदाच विचारला गेला. पहिल्यांदा तू विचारला होतास, हो की नाही एवढंच लिही म्हणून.

मी म्हटलं, ‘नाही.’

बाई जिन्याने वर गेल्या, लिफ्टची वाट न बघता. मी खालीच थांबलो. पाचएक मिनिटांनी जिन्यावर पावलं दिसली. पांढऱ्या एप्रनमधली नऊ माणसं एकामागून एक खाली आली, कोणी हातमोजे काढत, कोणी हसत, कोणी कामात व्यत्यय आला म्हणून कुरकुरत. मी कोण हे त्यांतल्या कोणालाच माहीत नव्हतं. मी खुर्चीतून उठलो आणि सगळी बाहेर पडेपर्यंत उभा राहिलो.

तुझा,
मामा